पट्टीवरचा दुसरा डाग

धाकटीची चाळिशी उलटली होती, कानशिलांपाशी केस पिकायला लागले होते, तरी घरात ती धाकटीच. आईबाबांची धाकटी, ताईची धाकटी, आणि ताईच्या मुलांची धाकटी मावशी. कामावर मात्र तिला सगळे बाई म्हणत आणि जरा जपूनच बोलत. औषधं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. गोळीत जे असायला हवं ते आहे ना आणि जे नसायला हवं ते नाही ना, एवढंच तिचं काम. तिने मान हलवल्याशिवाय एकही डबा दाराबाहेर जात नसे. बाबा म्हणायचे, "हिच्या ताटात साखर वाढली तरी आधी चाटून बघेल, मीठ तर नाही ना."

पण घरचं माणूस म्हटलं की अशा शंकेखोर माणसाचीही नजर आंधळी होते.

आईचे गुडघे गेले होते. खुर्चीतून उठायचं तर आधी टेबलाचा कोपरा, मग भिंत, मग बाबांचा खांदा, असा तिचा प्रवास. जिना तर तिने सोडूनच दिला होता. मग ताईने कुठून तरी एक पत्र्याचा डबा आणला. आत वाटाण्याएवढ्या तपकिरी गोळ्या, कडू वासाच्या. गावाबाहेर एक माणूस शेडमध्ये बनवतो, निव्वळ मुळ्यांच्या, ताईच्या ओळखीत दोघांना गुण आलाय. आईने नाक मुरडत पहिली गोळी गिळली. आणि पंधरवडा होतो न होतो तोच एका सकाळी ती कुणाला न सांगता जिना चढून गच्चीवर गेली आणि वाळलेले कपडे काढून खाली घेऊन आली. बाबा बघतच राहिले.

"बोलण्यात तुझी आई माझ्यापुढे होतीच," ते धाकटीला म्हणाले, "आता चालण्यातही गेली."

पुढचे सात-आठ महिने घरात नुसता आनंद होता. आईला भूक लागायला लागली. ओढलेला चेहरा भरला, गोल झाला, गालांवर लाली आली. येणारा-जाणारा म्हणायचा, काय तब्येत सुधारलीय! धाकटीही म्हणायची. औषधांच्या कारखान्यात आयुष्य गेलेली ती बाई त्या गोल चेहऱ्याकडे बघून खूष होत होती.

तिला खटकलं ते फार उशिरा, आणि तेही एका क्षुल्लक गोष्टीवरून. आई भाजी चिरत होती, बाही वर सरकली होती, आणि कोपराखाली जांभळे-काळे डाग होते. चांगले तळहाताएवढे.

"हे काय लागलं?"

"काही नाही गं. बाबांनी हात धरून जागं केलं सकाळी."

नुसता हात धरला तर असं रक्त साकळतं? धाकटीने तिची कातडी बोटाने हलकेच सरकवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. का कोण जाणे, तिची नजर शेल्फवरच्या त्या डब्याकडे गेली. मुळ्या इतक्या झटपट लागू पडतात का?

"आई, हा डबा मी घेऊन जाते. एकदा तपासते."

"तपास की. पण दोन-चार ठेव माझ्यासाठी."

"ठेवल्या तर तू खाशील."

"मग, खायच्याच आहेत ना त्या!"

त्यावरून दोघींची जुंपली. शेवटी धाकटीने अख्खा डबा पिशवीत घातला, आई गाल फुगवून बसली. कामावर जाऊन धाकटीने तो टेबलाच्या खणात ठेवला. नेमकी त्याच आठवड्यात बाहेरून पाहणीला माणसं येणार होती, विभागात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आज बघू, उद्या बघू करता करता डबा खणातच राहिला. संध्याकाळी घरी फोन केला की आई म्हणायची, जरा गळून गेल्यासारखं वाटतंय, तोंडाला चव नाही. धाकटीला वाटायचं, रुसलीय.

मग एका सकाळी बाबांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुझी आई न्हाणीघरात पडली. उलट्या होतायत. काळ्या. तू ये."

ती इस्पितळात पोचली तेव्हा ताई आधीच तिथे होती. आईला आतल्या खोलीत नेलं होतं. पडद्याच्या फटीतून धाकटीला आईचे पाय दिसले, पांढरेफटक. ते पाय तिच्या आईचे वाटतच नव्हते. बाबा बाकावर बसले होते. दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला होत्या आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आली. वयाने धाकटीहून लहान, पण बोलणं नेमकं. "उलटीत थोडं रक्त आहे, जुनं. पोटात जखम असावी. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत होत्या का?"

"नाही हो," बाबा म्हणाले.

"मुळ्यांच्या घेत होत्या," ताई म्हणाली. "पण त्या तर निव्वळ..."

"मुळ्यांनी अशी जखम होत नाही. त्यांत कुणी वेदनाशामक कालवलेलं असेल तर होते. कुठे आहेत त्या गोळ्या?"

ताईने धाकटीकडे बघितलं. बाबांनीही बघितलं.

"माझ्याकडे आहेत," धाकटी म्हणाली. "कारखान्यात. मी शोधून काढू शकते."

"काढा." डॉक्टर जायला वळली, पण थांबली. "एक गोष्ट मला जुळत नाहीये. रक्त फारसं गेलेलं नाही. सलाइन धो धो चालू आहे. तरी त्यांचं प्रेशर वर यायला तयार नाही. उतरतंच आहे."

टॅक्सीत धाकटीने पुढच्या सीटची कड घट्ट धरून ठेवली होती. प्रत्येक सिग्नल तिच्यासाठीच लाल होतोय असं वाटत होतं. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा तिच्याकडे बघितलं आणि रेडिओ बंद केला.

प्रयोगशाळेत नेहमीसारखी घरघर चालू होती. मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून त्यांची नोंद देणारं मोठं मशीन एका औषधाच्या तपासणीत गुंतलं होतं. ते थांबवायचं, त्याची नळी धुवायची, नव्याने जुळवायची म्हणजे संध्याकाळ झाली असती. तिने खणातून डबा काढला, पण झाकण उघडेना.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला. त्याला सगळे थेंब्या म्हणत. केसासारख्या काचनळीने तो असा बारीक थेंब ठेवायचा की दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते. त्याने तिच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं, वास घेतला.

"कुणाच्या?"

"आईच्या. डॉक्टर म्हणतायत, यात कुणीतरी वेदनाशामक कालवलं असावं."

त्याने खल पुढे ओढला. "मशीनच्या नादी लागू नको. पट्टी लावू. अर्ध्या तासात कळेल."

गोळी खलात कुटली, स्पिरिटसारख्या द्रवात ढवळली, गाळली. खाली चहासारखं पाणी उतरलं. पट्टी म्हणजे तळहाताएवढी काच, तिच्यावर वाळूच्या जातीच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप. खालून बोटभर जागा सोडून धाकटीने शिसपेन्सिलीने रेघ मारली, आणि थेंब्याने तिच्यावर थेंब ठेवले: एक आईच्या गोळीचा, आणि शेजारी बाजारात मिळणाऱ्या तीन वेदनाशामकांचे, कपाटातल्या शुद्ध नमुन्यांमधून काढलेले. मग पट्टी झाकणाच्या काचपात्रात उभी केली. पात्राच्या तळाशी पातळ द्रव होता, थेंबांच्या खाली राहील एवढाच.

आता करण्यासारखं काही नव्हतं. भिंतीत ओल चढावी तसा तो द्रव पट्टीवर चढायला लागला.

नव्याने येणाऱ्या मुलींना धाकटी हे हौसेने समजावून सांगायची. गोळीत जेवढे पदार्थ, तेवढे सगळे त्या ओलाव्याबरोबर वर निघतात. पण प्रत्येकाची चाल वेगळी. काहींना पांढऱ्या लेपाची ओढ जास्त, ते जागोजागी चिकटत, रेंगाळत जातात. काहींना द्रवाची ओढ जास्त, ते त्याच्याबरोबर वरपर्यंत पळतात. एकत्र निघालेले सगळे वाटेत सुटे होतात, आणि गोळीतला पदार्थ आणि शेजारचा शुद्ध नमुना एकच असेल तर दोघं त्या पट्टीवर एकाच उंचीवर थांबतात. मुलींनी कंटाळून घड्याळाकडे बघितलं की ती म्हणायची, बायांनो, तो त्याच्या चालीनेच चढणार, तुम्ही नाचा नाहीतर रडा.

आज ती स्वतः पात्रासमोर उभी होती आणि त्या ओल्या कडेला मनातल्या मनात म्हणत होती, चढ ना गं, चढ. ओलावा केसाकेसाने सरकत होता. झाकण उचललं तर सगळं बिघडेल म्हणून तिने दोन्ही हात मागे धरले होते.

फोन वाजला. ताई. "धाकटे, आई मला ओळखत नाहीये. मला 'बाई, पाणी द्या' म्हणाली गं."

"आलेच मी. आलेच," एवढंच तिच्या तोंडून निघालं. ती कुठेच येऊ शकत नव्हती.

पट्टी बाहेर काढली, वाळवली, अंधाऱ्या खोक्यातल्या निळसर दिव्याखाली धरली. सगळी पट्टी हिरवी चमकली आणि तिच्यावर काळे डाग उमटले. आईच्या गोळीच्या वाटेवर अगदी तळाशी तपकिरी चिखल होता, मुळ्यांचा. वर, बऱ्याच उंचीवर, एक गडद डाग, आणि शेजारच्या दुसऱ्या वेदनाशामकाचा डाग बरोबर त्याच्या रांगेत.

"सापडलं," थेंब्या म्हणाला. "डॉक्टरांचं बरोबर होतं."

धाकटीने सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावरच अडकला. तपकिरी चिखल आणि तो वरचा डाग यांच्या मध्ये आणखी एक डाग होता. तेवढाच ठसठशीत. त्याच्या उंचीवर शेजारी कुणीच नव्हतं.

"हा कोण?"

थेंब्या वाकला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या आईचा चेहरा गोल झाला होता का गं?"

गोल चेहरा. गालांची लाली. ती भूक. पापुद्र्यासारखी कातडी, हाताच्या पकडीने साकळलेलं रक्त. एकेक गोष्ट तिने घरात बसून कौतुकाने बघितली होती. स्टेरॉइड. ते औषध त्यांच्याच कारखान्यात बनत होतं. त्याच्या खोक्यात जो माहितीचा कागद जातो त्याची छपाई दर खेपेला तीच वाचून बघायची. त्यातली एक ओळ तिला तोंडपाठ होती: दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी बंद करू नये. शरीर एरवी तसंच रसायन स्वतः बनवतं; बाहेरून मिळत राहिलं की ते बनवायचं विसरतं. आणि मग कुणी ते एका दिवसात काढून घेतलं तर रक्ताचा दाब खाली खाली जातो, आणि माणूसही.

आणि ते कुणी काढून घेतलं होतं? अख्खा डबा, पिशवीत घालून?

"दुसरी पट्टी लाव," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "स्टेरॉइडचे सगळे नमुने काढ. लवकर."

थेंब्या कपाटाकडे धावला. तिने फोन उचलला, पण बोट थांबलं. खात्री कुठे होती? नुसता एक अनोळखी डाग. आईच्या पोटात जखम आहे, आणि हे औषध जखमेला वाईट. मी चुकले असेन तर? एकदा चुकलेच आहे. पट्टी होईपर्यंत थांबावं का? आणि तोवर आई...

तिने फोन लावला.

"वेदनाशामक आहे," ती एका दमात बोलली. "पण त्यात आणखी एक काहीतरी आहे. मला वाटतंय स्टेरॉइड. नक्की नाही. नक्की कळायला अजून अर्धा तास..."

"गोळ्या बंद कधी केल्या?" डॉक्टरने तिचं बोलणं तोडलं.

"चार दिवस झाले. मी केल्या. मी डबा उचलून आणला."

पलीकडे डॉक्टर दुसऱ्या कुणाला तरी काही ओरडून सांगताना ऐकू आली. पुन्हा फोनवर येऊन म्हणाली, "आता सगळं जुळतंय. अर्धा तास मी थांबत नाही. इंजेक्शन देते. तुम्ही तुमचं काम पुरं करा."

"पण पोटातली जखम..."

"जखमेचं नंतर बघू. त्याआधी त्या जगायला हव्यात ना?"

फोन ठेवल्यावर धाकटीला खरी भीती कळली. आतापर्यंत ती होऊन गेलेल्या गोष्टीला घाबरत होती. आता तिच्या एका शब्दावर आईच्या शिरेत औषध जात होतं, आणि तो शब्द खरा की खोटा हे त्या काचेवर अजून चढायचं होतं.

थेंब्याने या वेळी थेंब ठेवताना एक युक्ती केली. गोळीचा एक थेंब, स्टेरॉइडांचे वेगवेगळे, आणि गोळीच्या थेंबावरच ज्या स्टेरॉइडचा त्याला संशय होता त्याचा दुसरा थेंब. दोन्ही पदार्थ एकच असतील तर डाग एकच राहील. वेगळे असतील तर चढता चढता फुटून दोन होतील. पुन्हा पात्र, पुन्हा झाकण, पुन्हा ती ओली कड. थेंब्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, ती बसली नाही. त्याने पाण्याचा पेला दिला, तो तिने हातात तसाच धरून ठेवला. ती पात्राच्या काचेवरचे ओरखडे बघत राहिली.

दिव्याखाली पट्टी धरताना तिने डोळे मिटून घेतले. "तू बघ."

"एकच आहे," थेंब्या म्हणाला. "फुटला नाही. रांगेतही बरोबर आहे. बघ तू. डेक्सामेथासोन. उद्या मशीनवर पक्कं करू, पण हेच आहे."

तिने बघितलं. सरळ काळा गोल ठिपका. मग ती खाली फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देत रडली. थेंब्या पाठ करून नळाखाली पेले धूत उभा राहिला, धुतलेलेच पेले पुन्हा पुन्हा.

दुपारी ती इस्पितळात परतली तेव्हा प्रेशर हळूहळू वर यायला लागलं होतं. संध्याकाळच्या आत आईने डोळे उघडले, छताकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "चपला बघा तुमच्या." बाबा हसता हसता रडायला लागले. मग तिची नजर धाकटीवर आली. "माझ्या गोळ्या आणल्यास का?"

बाहेर येऊन दोघी बहिणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी आणल्या त्या," ताई म्हणाली. "मीच विष आणून दिलं आईला."

"आणि मी काढून घेतलं. आज जे झालं ते माझ्यामुळे."

डॉक्टर शेजारून जात होती, तिने ऐकलं. "वाटणी नंतर करा," ती म्हणाली. "तुम्हाला दोघींना जे माहीत नव्हतं ते ज्याला माहीत होतं त्याने ते गोळीत घातलं. तुमच्या आईंना अजून बरेच महिने हे औषध थोडं थोडं कमी करत द्यावं लागेल. गुडघे पुन्हा दुखतील. आणि आणखी कुणी ह्या गोळ्या घेतं का?"

ताईचा चेहरा उतरला. "माझ्या सासूबाई. आणि आमच्या खालचा शिंपी." तिने घाईघाईने फोन काढला. "आत्ताच्या आत्ता सांगते, फेकून द्या म्हणून."

धाकटीने झडप घालून तिचा हात धरला. इतक्या जोरात, की जाणारी नर्स थबकली. "फेका म्हणू नकोस! अजिबात म्हणू नकोस. बंद करू नका, आणि तशाच उठून इकडे या, एवढंच सांग."

ताईने सासूबाईंचा नंबर लावला. "अहो, ऐकताय ना? त्या गुडघ्यांच्या गोळ्या आहेत ना, त्या..." ती थांबली. ऐकत राहिली. मग तिने फोन कानापासून दूर केला आणि धाकटीकडे बघितलं. "गोळ्या परवाच संपल्या म्हणतायत. स्वतः अंथरुणात पडून आहेत. चक्कर येतेय."

धाकटी जिन्याकडे धावत सुटलीही होती.

सासूबाई वेळेत पोचल्या, शिंपीही त्यांच्या मागोमाग आला. दोघंही बचावले. मशीननेही दुसऱ्या दिवशी तेच दोन पदार्थ दाखवले, आणि तो निष्कर्ष घेऊन धाकटी सरकारी औषध खात्यात गेली. त्यांची माणसं गावाबाहेरच्या शेडवर पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि आत रिकाम्या डब्यांची चळत. किती डबे भरून कुठे कुठे गेले, सांगायला कुणी नव्हतं. खात्याने लोकांसाठी जाहीर सूचना तयार केली. तिच्यात लिहिलं होतं, या गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात. धाकटीने ते वाचलं आणि तिथल्या साहेबाच्या टेबलासमोर उभी राहिली ती ते वाक्य बदलेपर्यंत हललीच नाही.

आई घरी आली. तिच्या चेहऱ्याची गोलाई हळूहळू ओसरली, गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले, आणि गच्चीवरचे कपडे काढायला बाबा जायला लागले. "निदान तेव्हा मी चालत तरी होते," ती कधी कधी चिडून म्हणते. धाकटी त्यावर तिच्या हातावर त्या दिवसाची मोजलेली गोळी ठेवते. फोन वाजला की धाकटी अजूनही पहिल्याच घंटीला उचलते, आणि रस्त्यात एखादी म्हातारी बाई झपझप चालताना दिसली, गाल गोल आणि लाल, की ती थांबून तिच्याकडे बघत राहते. एकदा तर तिने एका अनोळखी बाईला अडवून विचारलंसुद्धा, "आजी, तुम्ही गुडघ्यांसाठी काय घेता?"

बाई हसली. "काही नाही गं. अंगकाठीच अशी."

धाकटीने तिचे कोपर बघून घेतले, मगच तिला जाऊ दिलं.